चारच वायरी आहेत, मग स्मार्ट थर्मोस्टॅट कसा जोडायचा?

थर्मोस्टॅट म्हणजे घराचं हीटिंग-कूलिंग चालू-बंद करणारं भिंतीवरचं यंत्र. जुना उतरवला की मागे बहुधा चार वायरी दिसतात: आर (२४ व्होल्टचा पुरवठा), डब्ल्यू (हीटिंग), वाय (कूलिंगचा कंप्रेसर) आणि जी (पंखा). पाचवी 'सी' नसते आणि गाडी तिथेच अडते. जुना थर्मोस्टॅट म्हणजे नुसतं बटण, त्याला स्वतःला वीज लागत नव्हती. नव्याचा स्क्रीन आणि वाय-फाय चोवीस तास चालू असतात. त्यासाठी २४ व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे विजेला परत जायला रस्ता लागतो, तोच सी.

आधी एक खात्री करा. वायरी जाडजूड असतील आणि टोप्यांनी पिळून जोडलेल्या असतील, तर तो १२० किंवा २४० व्होल्टचा थर्मोस्टॅट असण्याची दाट शक्यता आहे. २४ व्होल्टचं यंत्र तिथे चालत नाही, तेव्हा पुढचं सगळं विसरा.

काही थर्मोस्टॅट सीशिवायही चालतात म्हणे. ते वाय किंवा डब्ल्यूच्या सर्किटमधून थोडी थोडी वीज उचलतात. काही घरांत हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. काही घरांत रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) टकटकतो, पंखा मध्येच सुरू होतो, नाहीतर ऐन थंडीत बॅटरी उतरते. कोणत्या घरात काय होईल हे आधी कळत नाही, म्हणून मी यावर विसंबणार नाही.

त्यापेक्षा भिंतीतली केबल थोडी बाहेर ओढून पाहा. न वापरलेली एखादी वायर मागे गुंडाळून ठेवलेली सापडते. तिचं एक टोक थर्मोस्टॅटच्या सीला आणि दुसरं फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या यंत्राच्या) बोर्डावरच्या सीला जोडलं की काम झालं, खर्च शून्य. अशी वायर असताना सीची उणीव भरून काढणारा अडॅप्टर विकत घेणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ती नसेल तर खरी निवड अडॅप्टर आणि सॉकेटमध्ये लावायचा वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर यांत आहे. अडॅप्टर फर्नेसच्या बोर्डापाशी बसतो आणि आहे त्या चार वायरींतूनच पाचवीचं काम काढून घेतो. भिंतीवर काही दिसत नाही, पंखाही वेगळा चालवता येतो. मात्र फर्नेस उघडावी लागते, आणि प्रत्येक थर्मोस्टॅटला प्रत्येक अडॅप्टर चालतोच असं नाही. ट्रान्सफॉर्मरसाठी फर्नेसला हात लावावा लागत नाही. जवळ सॉकेट हवा, आणि भिंतीवरून लोंबणारी वायर सहन व्हायला हवी. भाड्याच्या घरात मी हाच घेईन, कारण जाताना काढून नेता येतो. स्वतःच्या घरात अडॅप्टर.

जीचीच सी करण्याचा एक जुगाडही आहे. गॅस फर्नेस असेल तर हीटिंगच्या वेळी ती पंखा स्वतः चालवते, त्यामुळे जी मोकळी करता येते. कूलिंगसाठी बोर्डावर वाय आणि जी यांच्यात छोटी वायर टाकावी लागू शकते. नुसता पंखा चालवण्याची सोय मात्र जाते. विजेवरच्या फर्नेसला हीटिंगसाठीही जी लागते, तिथे हा नाद नको.

हीट पंप (एकाच यंत्रातून गरम आणि गार दोन्ही) असेल तर ओ/बी नावाची आणखी एक वायर येते. ती रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गरम-गार अशी अदलाबदल करणारी झडप, फिरवते. बहुतेक पंपांत व्हॉल्व्हला कूलिंगच्या वेळी वीज मिळते, काहींत हीटिंगच्या वेळी. सेटिंग उलटं पडलं तर गार मागितल्यावर गरम हवा येते. घाबरू नका, मेनूत बदला.

नवी केबल ओढणं सगळ्यांत पक्कं. १८ गेज जाडीची, पाचाऐवजी आठ तारांची घ्या. पण भिंत कुठे मोकळी आहे हे माहीत नसेल तर हे जाणकाराकडूनच करून घ्या.

काहीही निवडलंत तरी आधी ब्रेकर बंद करा. आर आणि सी चुकून एकमेकांना टेकल्या तर बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा छोटा फ्यूज उडतो, आणि तो नसेल तर ट्रान्सफॉर्मरच जळू शकतो. वायरी सोडवण्याआधी फोटो काढा, तोही टर्मिनलवरची अक्षरं स्पष्ट दिसतील असा. लाल ती आर, पांढरी ती डब्ल्यू हा फक्त रिवाज आहे. आधीच्या माणसाने हाताला आली ती वायर जोडलेली असू शकते.