विजयसारचा पेला: गोळी चालू ठेवून घेतलेला अनुभव

आधी निकाल सांगते, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. विजयसारच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याने मला त्रास झाला नाही, आणि साखरेत मोजण्याजोगा फरकही पडला नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी या सगळ्या काळात चालूच होती.

मला टाइप २ मधुमेह आहे. पेला एका प्रदर्शनात घेतला. विकणारे छातीठोकपणे सांगत होते, "ताई, दोन महिन्यांत गोळी सुटेल." मधुमेह बरा करण्याची अशी जाहिरात करायला १९५४ च्या चमत्कारी उपचारांविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे, तरी ती राजरोस चालते याचा मला राग येतो. पेला घरी आणल्यावर तो घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "वापरा, पण गोळी, जेवण, काहीही बदलू नका. आधी एचबीए१सी ही रक्ततपासणी करू आणि तीन महिन्यांनी पुन्हा." तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते, एखाद्या दिवसाची नाही.

विजयसार म्हणजे आपल्या सह्याद्रीतला बिबळा वृक्ष. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं. सुरुवातीला पाणी गडद तपकिरी होतं, उन्हात धरलं तर कडेला निळसर झाक दिसते, चव तुरट. काही आठवड्यांनी रंग फिकट होत जातो. पेला रोज कोरडा करून उपडा ठेवावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात आतून बुरशी धरते. लाकडाला बारीक चीरही जाते.

पहिल्या पंधरवड्यात मला वाटलं, गुण येतोय. ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची साखर १४८ वरून १३१ झाली होती. पण घरचं चांगलं मीटरसुद्धा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतं. शिवाय आदल्या रात्रीचं जेवण, अपुरी झोप, साधी सर्दी, कशानेही आकडा हलतो. बहुतेक माणसं नवा उपाय आकडा वाढलेला असताना सुरू करतात, आणि वाढलेला आकडा पुष्कळदा आपोआप थोडा खाली येतोच. "मला फरक पडला" असं मनापासून सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत, पण त्यांनी एचबीए१सी केली होती का, हे मी आता प्रत्येकाला विचारते. माझी आधी ७.८ होती, पेल्यानंतर ७.७ आली. एवढ्या फरकाला लॅबमध्ये काही अर्थ नसतो.

विजयसारवर संशोधनच झालेलं नाही असं मात्र नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर केलेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ९७ पैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली होती. पण त्यांना अर्क दिला होता, तोही रोज २ ते ४ ग्रॅम ठरवून, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. लाकडात रात्रभर राहिलेल्या पाण्यात किती अर्क उतरतो, हे पेल्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

"गोळी म्हणजे केमिकल, झाड ते नैसर्गिक" हे मला घरोघरी ऐकायला मिळतं. मेटफॉर्मिनचं मूळही झाडातच आहे! गॅलेगा नावाच्या युरोपातल्या वनस्पतीतल्या एका घटकावरून ही औषधांची जात निघाली, आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टर जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनची गोळी मधुमेहासाठी वापरून दाखवली. पुढे तिचा डोस ठरला, दुष्परिणाम नोंदले गेले, आणि १९९८ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या रुग्णांचे हार्ट अॅटॅक आणि मृत्यू तिच्यामुळे कमी झालेले दिसले. पेल्याच्या बाबतीत यातलं काहीच माझ्या हातात नाही.

"गोळीने किडनी जाते" ही भीती तर फारच खोल रुजलेली आहे. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने. किडनी आधीच दुबळी असेल तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करतात, फार दुबळी असेल तर बंद करतात, म्हणून लोकांना उलटं वाटतं. माझ्या दिरांनी एका शिबिरातून आल्यावर गोळ्या सोडल्या. महिनाभर त्यांना छान वाटत होतं, आणि तपासली तेव्हा उपाशीपोटीची साखर २५० च्या वर होती. साखर दुखत नाही, हाच या आजाराचा दगा.

गोळीचे त्रास आहेतच. सुरुवातीला मला गॅस आणि पातळ शौचाचा त्रास झाला. जेवणानंतर घ्यायला लागल्यावर आणि हळूहळू सुटणारी गोळी मिळाल्यावर तो थांबला. पुष्कळ वर्षं घेतल्यावर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून ते तपासून घ्या.

पेला बंद केल्यावर पुढच्या तीन महिन्यांत भात निम्मा केला आणि रात्री जेवून चालायला लागले. एचबीए१सी ७.१ आली. ओळखीच्या वैद्यबाईंना दाखवली तर त्या खूश झाल्या. सुश्रुतांनी प्रमेहाच्या (आयुर्वेदात मधुमेह यातच धरतात) गरीब रुग्णाला शंभर योजनं चालायला, विहिरी खणायला सांगितलं आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. गोळी सोडा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

आवडत असेल तर पेला जरूर वापरा. पण ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पेला, कारल्याचा रस, मेथीची पूड, काहीही जोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. आणि ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ती घेऊच नका. अशा पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखं ॲलोपॅथीचं औषध लपवून घातलेलं सापडलेलं आहे. साखर झपाट्याने उतरते ती त्याने, आणि घेणाऱ्याला डोसचा पत्ताच नसतो.