एक कादंबरी, एक विज्ञानग्रंथ

अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या दोन इंग्रजी पुस्तकांपैकी अँडी वीअर यांची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (२०२१) ही कादंबरी विज्ञानाचे तपशील चोख मांडत असली, तरी माणसे रंगवताना हात आखडता घेते. नायकाचे विनोदही पुढे पुढे कंटाळवाणे होतात. मात्र डोळे नसलेल्या आणि सुरांत बोलणाऱ्या रॉकी या परग्रहवासीयाशी तो लॅपटॉपच्या साहाय्याने एकेक शब्द जुळवत संवाद साधतो, तो भाग अप्रतिम आहे.

एड याँग यांचे ‘ॲन इमेन्स वर्ल्ड’ (२०२२) मला अधिक भावले. प्रत्येक प्राण्याचे संवेदनविश्व निराळे असते, हे सांगताना ते वाचकाला वटवाघळांच्या प्रतिध्वनींपासून पक्ष्यांना दिसणाऱ्या अतिनील रंगांपर्यंत सहज नेतात. तळटीपा (त्या वगळू नयेत) तर मजकुराइतक्याच रंजक आहेत. हे पुस्तक विकतच घ्यावे. कादंबरी वाचनालयातून आणली तरी चालेल.