कोपनहेगनमध्ये जुनी 'एग चेअर' घेताय? थांबा

बेचाळीस हजार क्रोनर. रुपयांत पाच लाखांच्या वर. एवढे मोजून माझ्या घरात जी आली ती डॅनिश वास्तुरचनाकार आर्ने जेकबसनची अंड्याच्या आकाराची एग चेअर नाही, तिची भ्रष्ट नक्कल आहे. डेन्मार्कमध्ये सगळे सरळ असतात या भरवशावर आपली मंडळी व्यवहार करतात, म्हणून लिहितेय.

जाहिरातीत होतं: 'आजोबांची खुर्ची, १९५८, एसएएस रॉयल हॉटेलातली, तपकिरी चामडं.' बेमालूम! जेकबसनने एग कोपनहेगनच्या त्या हॉटेलसाठीच काढली, फ्रिट्झ हान्सेन या फर्निचर कंपनीने बनवली, साल १९५८. हॉटेल उघडलं १९६० मध्ये, पण खुर्च्या आधी तयार झाल्या असतील असं कुणालाही वाटेल. फोटोवर जाऊ नका, बूड उलटं करून बघा.

आणि मग ते वाक्य. उचलताना मी म्हटलं, फारच जड आहे. तर विकणारा गडी ऐटीत म्हणाला, "आत अस्सल बीच लाकडाचा सांगाडा आहे!" अहो, एगचं सगळं नवल हेच की आत लाकडी सांगाडा नाही! जेकबसनच्याच आधीच्या खुर्च्या, १९५२ ची अँट आणि १९५५ ची सिरीज सेव्हन, प्लायवूडच्या. पण अंड्यासारखा चहूबाजूंनी वळलेला आकार प्लायवूडला झेपणारा नव्हता, म्हणून काचतंतूंनी बळकट केलेल्या फोमचं कवच आलं. हे मला पाठ होतं. पण समोरचा स्वतःला वारस म्हणवत होता, आणि वारसाला आतलं काय ठाऊक असणार? तुम्ही तरी काय वेगळा विचार केला असता? ५,००० आगाऊ गेलेच होते, उरलेले ३७,००० तिथेच मोबाईलवरून पाठवले. व्हॅनचे ८५० वेगळे. पावती मागितली तर 'घरगुती व्यवहार आहे' म्हणाला. पावती नाही तर पैसे नाहीत, एवढं पाळा.

खुर्च्या मढवणाऱ्या कारागिराने नुसतं बघायचे ६०० घेतले. गादी उचलली, अस्तर उसवलं; आत पट्ट्या, गोंद, स्टेपलच्या पिना. लिलावगृहं फोटोवरून मोफत अंदाज देतात, तो आधी घ्या.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी वाद. बँक म्हणाली, मंजुरी तुम्हीच दिलीत. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्यांनी सांगितलं, विकणारा दुकानदार नाही, आमच्या कक्षेत येत नाही. दिवाणी वाद म्हणजे वकील मीच करायचा, पत्ता मीच शोधायचा, आणि फोन तर केव्हाच बंद! वर गंमत बघा: जेकबसन १९७१ मध्ये गेला, म्हणजे त्याच्या कलाकृतीचा कॉपीराइट २०४१ अखेरपर्यंत जिवंत. याच कायद्याचा इथे केवढा दरारा! नक्कल विकणारा मात्र मोकळा, आणि मी ती विकून टाकायला गेले तर नक्कल विकल्याचा ठपका माझ्यावर.

तोच मजकूर परवा पुन्हा झळकला. आता खुर्ची आजीची आहे, चामडं काळं आणि भाव ३९,५००.