तयार सूट की शिवलेला? मुंढा बघून ठरवा

लग्नासाठी सूट घ्यायचा म्हटलं की दोनच वाटा उरतात: दुकानातून तयार घेऊन फिटिंग करून घेणं, नाहीतर कापड घेऊन शिंप्याकडे टाकणं. मोठ्या दुकानांत माप घेऊन कारखान्यातून शिवून आणतात, ती मधली वाट. पण तिथे बऱ्याचदा कच्ची ट्रायल, म्हणजे कच्च्या टाक्यांनी जोडलेला कोट अंगावर घालून बघणं, मिळत नाही, म्हणून मी तिला तयार सुटाच्याच रांगेत धरतो.

तयार सुटाचा मोठा फायदा म्हणजे घ्यायच्या आधी आरशात दिसतो. कमर बाजूच्या शिवणीतून इंच-दीड इंच आत जाते, पँटची उंची तर शिवायचीच असते. बाही इंचभर सहज कमी होते, फक्त मनगटाची काजं खरी उघडी असतील तर खालून हात लावता येत नाही. खांद्यांना मात्र हात लावू नये. भिंतीला बाजूने टेकून उभं राहा. दंडाआधी कोटाचं पॅड भिंतीला लागलं तर खांदा मोठा आहे, तो कोट परत ठेवा.

पँटचं गणित वेगळं. सेटमध्ये छाती आणि कमर यांत साधारण सहा इंचांचा फरक धरलेला असतो, म्हणजे ४० च्या कोटाबरोबर ३४ ची पँट. चाळिशीनंतर हे क्वचितच जुळतं. मागच्या शिवणीत किती माया (आत ठेवलेलं जादा कापड) आहे ते उलटून बघा. दीड इंच असेल तर निभतं. वेगळी पँट घेऊन रंग जुळवायच्या भानगडीत पडू नका, दोन लॉटच्या काळ्या रंगांतलाही फरक उन्हात कळतो.

एवढं जमून आलं तरी माझ्या मते अडतं ते मुंढ्यावर, म्हणजे कोटाला बाही जोडतात त्या काखेभोवतीच्या गोलावर. तयार कोट निरनिराळ्या अंगकाठ्यांना चढावा म्हणून त्याचा मुंढा बहुधा खोल कापलेला असतो. वरचं बटण लावून अक्षता टाकायला उचलतो तसा हात उचला. मुंढा खाली असेल तर बाहीबरोबर सगळा कोट वर चढतो, कॉलर मानेपासून सुटते आणि हात खाली आणल्यावरही कोट जागेवर बसत नाही, ओढून बसवावा लागतो. स्टेजवर दोन तास उभं राहून प्रत्येक हस्तांदोलनानंतर कोट खाली ओढत राहायचं! मुंढा काखेजवळ असला तर हात मोकळा फिरतो आणि कोट हलत नाही. ढिला मुंढा म्हणजे मोकळेपणा हा समज इथे उलटा पडतो.

आणि हे दुरुस्त होत नाही. कापून गेलेलं कापड परत कुठून आणणार? लहान साइज घ्यावी, तर छाती आवळते आणि बटणापाशी फुलीसारख्या चुण्या पडतात.

शिंप्याकडे हेच उलट चालतं. मुंढा वर ठेवायला सांगायचं. टोचला तर ट्रायलला पाव इंच खाली उतरवता येतो. मात्र ट्रायलच्या वेळी बाह्या कच्च्या टाक्याने जोडलेल्या हव्यात. काही जण बाहीशिवायच ट्रायल देतात, तिचा मुंढ्यासाठी उपयोग नाही. न सांगता सवयीने खोल मुंढा कापणारे कारागीरही आहेत, तेव्हा माप देतानाच बोला. ट्रायलला लग्नात घालणार तोच शर्ट घालून जा, बाहीखाली कफ अर्धा इंच दिसला पाहिजे.

कापड ५८ इंच पन्ह्याचं सव्वातीन मीटर पुरतं, चौकडा असेल किंवा पोट असेल तर अर्धा मीटर जास्त घ्या. कोटाच्या आत शिवून लावलेलं कॅनव्हास की इस्त्रीने चिकटवलेलं पेस्टिंग, हेही आधी विचारा. पेस्टिंग स्वस्त पडतं, पण त्याचा चिकटपणा सुटला की लेपलवर, म्हणजे छातीवर उलटलेल्या पट्टीवर, फुगे येतात, आणि ते इस्त्रीने कायमचे जात नाहीत. याबाबतीत शिवलेला सूट आपोआप वरचढ ठरतो असं नाही, बरेच शिंपीही पेस्टिंगच लावतात.

शिंप्याचा खरा धोका तारखेचा. तुळशीचं लग्न झालं की त्याच्याकडे रांग लागते, म्हणून कापड दिवाळीआधी द्यावं आणि हातात महिना-दीड महिना ठेवावा. लग्न पंधरा दिवसांवर आलं असेल तर तयारच घ्या, फक्त चार-पाच कंपन्यांचे कोट घालून प्रत्येकात हात वर करून बघा. एखाद्याचा मुंढा वर निघतोही. महिना-दीड महिना हातात असेल तर मात्र मी कापडाच्या दुकानात जाईन.