गिरगाव भुयारी मेट्रो स्टेशन : काही महिन्यांच्या वापरानंतर

घर ठाकुरद्वारला आणि नोकरी बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. त्यामुळे ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन नंबरची मेट्रो थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून गिरगाव स्टेशन माझ्या रोजच्या वाटेवरचं आहे. पूर्वी चर्नी रोडहून लोकल, मग वांद्र्याला उतरून रिक्षाची रांग. आता एकच गाडी. वेळ वाचतो हे सगळेच सांगतात; मला लिहायचंय ते बांधणीबद्दल.

पाहुणे इथे आले की हमखास विचारतात, फलाट एवढा खोल कशाला? उत्तर वर रस्त्यावरच आहे. जगन्नाथ शंकरशेठ मार्ग अरुंद, दोन्ही बाजूंना चाळी खेटून उभ्या. अख्खं स्टेशन वरून खोदलं असतं तर इमारतींच्या रांगाच्या रांगा गेल्या असत्या. म्हणून फलाटांचा भाग खाली खडकात, आतल्या आत कोरून काढला. या पद्धतीला एनएटीएम (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड) म्हणतात. खडक थोडाच फोडायचा, उघडा पडलेला भाग लगेच शॉटक्रीट (फवाऱ्याने मारलेलं काँक्रीट) मारून आणि रॉक बोल्ट (खडकात बसवलेल्या पोलादी सळ्या) ठोकून धरायचा, आजूबाजूची जमीन किती हलते ते मोजत राहायचं, मगच पुढे सरकायचं. काळबादेवीलाही हेच केलं. या ३३.५ किलोमीटरच्या मार्गावर २६ भुयारी स्टेशनं आहेत, पण त्यातली बरीचशी वरून खड्डा करून बांधता आली. गिरगावात ती सोय नव्हती. जुन्या चाळींखाली हे काम पार पडलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

वापराचं म्हणाल तर आईला घेऊन सिद्धिविनायकाला जाणं आता सोपं झालंय. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे आम्ही लिफ्टनेच उतरतो. फलाटाच्या कडेला उंच काचेची भिंत आहे. गाडी थांबली की भिंतीची दारं आणि डब्याची दारं समोरासमोर येतात आणि डब्याची जमीन फलाटाच्या जवळजवळ सपाटीला असते. लोकलमध्ये चढताना आई आधी दांडा शोधते; इथे ती सरळ आत चालत जाते. ज्येष्ठांना घेऊन प्रवास करणाऱ्यांनाच याचं मोल कळेल.

एक सूचना : तिकीट फोनवर काढणार असाल तर रस्त्यावर असतानाच काढा. माझ्या फोनची रेंज खाली गेली की दगा देते. भाडं १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत आहे.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे गेली, त्यामागे जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठांचाही हात होता. मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनला त्यांचं नाव दिलंय, ते योग्यच झालं. पण त्यांच्या नावाच्या रस्त्याखालून रोज जाताना वाटतं, इथेही त्यांच्याबद्दल चार ओळी हव्यात. आणि त्याहून जास्त हवा आहे तो दुसरा फलक. या कामासाठी इथली काही कुटुंबं घरं सोडून गेली. त्याआधी पुनर्वसनासाठी चाळकरी रस्त्यावर उतरले होते. ज्या इमारती पाडल्या त्यांची नावं तिकीट खिडकीजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी, मोठ्या अक्षरांत लिहा.