अर्जुनसाल, लसूण, दुधीचा रस की इसबगोल? हार्टवाल्यांच्या घरात कोणतं आणायचं

पप्पांना स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसला आणि पंधरा दिवसांत घरात गोळ्यांपेक्षा सल्ले जास्त झाले. सिडकोच्या आत्यानं सांगितलं रोज सकाळी दुधीचा रस, शेजारच्या काकांनी लसूण-आलं-लिंबू-मधाचा तो सगळीकडे फिरणारा काढा सांगितला आणि पंचवटीच्या मामांनी तर सांगत बसण्यापेक्षा अर्जुनसालीची पुडीच आणून ठेवली. तुमच्याकडे पण हेच चालू असेल तर वाचा. मी डॉक्टर नाही, पण या भानगडीत वर्षभर डोकं घातलंय.

आधी अर्जुनसाल, कारण यात खरंच थोडंफार दम आहे. २००२ साली इंदूरच्या डॉक्टरांनी अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) असलेल्या ५८ पुरुषांवर करून बघितलं होतं, छातीतलं दुखणं कमी झालं, चालण्याची ताकद पण वाढली. पण माणसं किती, ५८, आणि दिवस किती, एकेक आठवडा. त्यावरून ब्लॉकेज विरघळतं वगैरे कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. आयुर्वेदात क्षीरपाक करून देतात, एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी आणि सगळं पाणी आटून फक्त दूध उरेपर्यंत उकळायचं, गॅसपाशी उभं राहायला वेळ लागतो हां. चव तुरट, पप्पा पहिल्या घोटालाच म्हणाले, "हे काय, सुपारी उकळलीस का?" घ्यायचीच असेल तर आमच्या नाशिकच्या भद्रकालीकडच्या काष्ठौषधीवाल्याकडून सालीचे तुकडे मागा, पावडर नको, पावडरमध्ये काय काय दळलंय ते कळत नाही. आणि बीपीच्या किंवा ठोके कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच, कारण सालीनं पण बीपी उतरू शकतं, मग दोन्ही मिळून चक्कर.

लसणाबद्दल माझं मत जरा वेगळंय. बीपी जास्त असलेल्यांना थोडा फायदा होतो असं दिसतं, पण कोलेस्टेरॉलसाठी? २००७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डवाल्यांनी १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण नाहीतर लसणाच्या गोळ्या दिल्या (काहींना नुसत्या खोट्या गोळ्या), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कोणत्याच गटात फारसं हललं नाही. फोडणीत, चटणीत, मिसळीच्या रश्श्यात खुशाल खा. पण अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन चालू असताना रोज मूठभर कच्च्या पाकळ्या किंवा लसणाच्या कॅप्सूल नकोत, रक्त आधीच पातळ केलेलं असतं, त्यात लसूण अजून भर घालतो.

दुधीचा रस मात्र मी सरळ काट मारलाय. भाजी करा, खीर करा, कोफ्ते करा, कोण नाही म्हणतंय! पण कधीकधी दुधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाचं विष असतं आणि कच्चा रस गटकन पिणाऱ्याला उलट्या, रक्ताची उलटी, बीपी खाली, इथपर्यंत जातं, आपल्या देशात माणसं गेलीयेत यानं. भाजीत कडू लागलं की आपण ताट सरकवतो, पण रस औषध म्हणून पितात ना, त्यामुळे कडू असला तरी नाक दाबून संपवतात. आत्याला सांगितलं तर ती आधी फुगली, आता निदान चाखून बघते आणि कडू निघाला तर फेकते.

चौघांत स्वस्त आणि बिनडोकेदुखीचा म्हणजे इसबगोल, आणि त्याचं कौतुक कोणीच करत नाही, बहुतेक बद्धकोष्ठतेचा डबा म्हणून बदनाम झालाय. रोज साधारण १० ग्रॅम भुसा नियमित घेतला तर एलडीएल थोडं उतरतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. भरपूर पाण्याबरोबर घ्या, नाहीतर घशातच फुगतो, आणि बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा.

कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळ? २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात एलडीएल कमी व्हायचं सोडून उलट थोडं वाढलं, त्यामुळे नको. ज्येष्ठमध रोजच्या काढ्यात टाकत असाल तर थांबवा, बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं. त्या लसूण-लिंबू-मधाच्या काढ्याचं काय सांगू, डायबिटीस असेल तर त्यातला मध आधी मोजा.

आता आमच्या घरातली गोष्ट. दिवाळीच्या आसपास पप्पांच्या डब्यात क्लोपिडोग्रेलची पट्टी बघितली तर नऊ गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणे, "अर्जुन चालू आहे ना, मग परत ही कशाला?" त्याच संध्याकाळी कार्डिओलॉजिस्टना फोन केला, ते आधी गप्पच झाले, मग म्हणाले आत्ताच्या आत्ता सुरू करा, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर साल काय करणार. त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा आईकडे आहे आणि अर्जुनसालीची बरणी वरच्या फळीवर. पप्पांना हवी असली की आईला सांगून काढावी लागते, आणि आई आधी विचारते, "सकाळची गोळी घेतली का?"