७२ तासांपैकी मला किती मिळाले : ऑपरेशननंतरचे सात महिने

ऑगस्टमध्ये माझं डाव्या बाजूचं स्तन काढायचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठींसकट. आम्ही न्यू जर्सीत राहतो. तेव्हापासून जे जे वापरलं त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ड्रेन, ड्रेन अडकवायचा कॅमिसोल (आतून घालायची बिनबाह्यांची बंडी), काखेत धरायची उशी, सिलिकॉनचा फॉर्म म्हणजे ब्रामध्ये घालायचं कृत्रिम स्तन. पण सगळ्यात जास्त वापरला तो विमा, आणि सगळ्यात कमी मार्क त्यालाच.

आधी ड्रेन. काखेखालून दोन नळ्या बाहेर येतात, प्रत्येकीच्या टोकाला मोठ्या लिंबाएवढा प्लास्टिकचा मऊ फुगा. तो रिकामा करायचा, मुठीत दाबून चपटा करायचा आणि चपटा असतानाच बूच लावायचं. तरच तो आतलं पाणी ओढतो. नळीत गुठळी अडकली की नळी एका हाताने वर घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीने खाली निपटत आणायची. हे रोज सकाळ-संध्याकाळ. किती मिली निघालं ते लिहून ठेवायचं, कारण चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली सलग दोन दिवस आलं की मगच नळी काढतात. आमच्या फ्रिजवरच्या कालनिर्णयात ते आकडे अजून आहेत. संकष्टीच्या चौकोनात 'डावी १ - ८५, डावी २ - ६०', गणपतीच्या दिवशी '४०, ३५, रंग गुलाबी'. अक्षर नवऱ्याचं. रक्त बघून एरवी ज्याला घेरी येते, त्या माणसाने इतके दिवस हे केलं.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री त्याने बूच लावलं, पण फुगा दाबायचा राहिला. सकाळी फुगा टम्म आणि नळीच्या तोंडाशी पट्टी भिजून चादर ओली. नर्सने फोनवर समजावलं, निस्तरलं. सांगायचं एवढंच, की हे नर्ससमोर स्वतः करून शिकून आलेल्या माणसाकडून झालं. आणि ते शिकणं आम्हाला जवळजवळ मिळालंच नव्हतं.

ऑपरेशन मंगळवारी दुपारी झालं. बुधवारी सकाळी आठ वाजता नर्स डिस्चार्जचे कागद घेऊन उभी. मला उलट्या होत होत्या, गोळी पोटात टिकत नव्हती, नवरा मुलाला शाळेत सोडायला गेलेला. ड्रेन कसा हाताळायचा ते तिने मला दहा मिनिटांत दाखवलं. त्यातलं मला काही आठवत नाही. मी गुंगीत होते, पण एक गोष्ट पाठ करून गेले होते. न्यू जर्सीत १९९७ पासून कायदा आहे. काखेतल्या गाठींसकट स्तन काढलं असेल तर विम्याने निदान ७२ तास हॉस्पिटलात राहण्याचा खर्च द्यायचा, नुसतं स्तन काढलं असेल तर ४८. बाईला आणि तिच्या डॉक्टरला आधी जावंसं वाटलं तर आधी जाता येतं. मी म्हटलं, मला ७२ तास आहेत.

केस मॅनेजर आली, म्हणजे डिस्चार्ज आणि विम्याचं बघणारी बाई. प्रेमळ होती, माझ्या उशाशी बसली आणि म्हणाली, तुमची योजना सेल्फ-फंडेड आहे.

हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कार्डावर नाव, चिन्ह सगळं विमा कंपनीचं. पण बिलं भरायचे पैसे नवऱ्याच्या कंपनीचे, विमा कंपनी नुसती हिशेब बघणार. अशा योजना एरिसा या १९७४ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात आणि राज्याने विम्याला घातलेली अट त्यांना लागू होत नाही. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या बाईला ७२ तास आणि मला नाही, एकाच राज्यात, एकाच मजल्यावर. शेवटी माझ्या सर्जनने विमा कंपनीच्या डॉक्टरला स्वतः फोन केला, उलट्यांचं कारण सांगितलं, आणि एक रात्र मंजूर झाली. त्या रात्री औषध बदललं, मी थोडा भात खाल्ला, आणि नवऱ्याने नर्ससमोर स्वतःच्या हाताने फुगा रिकामा केला. हॉटेलसारखं पडून राहायला कोणी मागत नाही हो. ती रात्र एवढ्यासाठी लागते.

माझ्या मैत्रिणीची स्तनातली नुसती गाठ काढली, ती त्याच संध्याकाळी घरी गेली आणि खूश होती. तिला कोणी डांबून ठेवावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. जायची वेळ तिने आणि डॉक्टरने ठरवली, माझी तिसऱ्याच कोणीतरी ठरवायला घेतली होती, एवढाच फरक.

मला चीड येते ती याची : माझा मुलगा इथेच सिझेरियनने झाला, तेव्हा चार दिवसांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कारण बाळंतपणाला ४८ तास आणि सिझेरियनला ९६ तास हा १९९६ चा केंद्रीय कायदा आहे, तो सेल्फ-फंडेड योजनांनाही लागतो. स्तनाच्या ऑपरेशनसाठी तसाच कायदा व्हावा म्हणून कनेटिकटच्या खासदार रोझा डेलॉरो वर्षानुवर्षं विधेयक आणत राहिल्या. त्या स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या. २००८ मध्ये ते प्रतिनिधिगृहात ४२१ विरुद्ध २ मतांनी पास झालं. वरच्या सभागृहात, सेनेटमध्ये पुढे सरकलं नाही, म्हणून कायदा झालाच नाही.

आणि गंमत बघा, १९९८ च्या दुसऱ्या एका केंद्रीय कायद्यामुळे फॉर्म आणि पुनर्रचनेचं ऑपरेशन, हाताला सूज आली तर तिचे उपचार, हे माझ्या योजनेलाही द्यावंच लागतं. फॉर्मच्या बिलावर कोणी प्रश्न विचारला नाही. तो चांगला आहे, वजनाला अगदी खरा, खिशाच्या ब्रामध्ये नीट बसतो. उन्हाळ्यात घाम येईल असं वाटतं, अजून उन्हाळा बघितला नाही. पाचपैकी साडेचार मार्क. उशीला पाच. गाडीत सीटबेल्ट आणि जखम यांच्यामध्ये ती नसती तर मी पहिले तीन आठवडे घराबाहेर पडलेच नसते. कॅमिसोलचे खिसे लहान, फुगा भरला की लोंबतो. मी सेफ्टी पिना लावल्या. दंडाची आतली बाजू अजून बधिर आहे, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम चालू आहे, वरच्या कपाटातला डबा जानेवारीत काढता आला.

विम्याला दोन मार्क, तेही सर्जनच्या फोनमुळे. ऑक्टोबरमध्ये नवऱ्याच्या ऑफिसात योजना निवडायची वेळ आली तेव्हा मी एचआरला सरळ विचारायला लावलं, यातली कुठली सेल्फ-फंडेड नाही? उत्तर आलं, सगळ्या आहेत.

गेल्या आठवड्यात एडिसनच्या एका ओळखीच्या बाईंचं ऑपरेशन ठरलं. उशी, धुतलेले कॅमिसोल आणि पिनांचा डबा पाठवला. सोबत चिठ्ठी, की योजना कुठल्या प्रकारची आहे ते ऑपरेशनच्या आधीच विचारा आणि राहायच्या दिवसांचं सर्जनशी आत्ताच बोलून घ्या. रात्री त्यांच्या मिस्टरांचा फोन आला. कार्ड समोर धरून बसले होते. म्हणाले, "वहिनी, यावर तर असं कुठेच लिहिलेलं नाही."